निवडून दिलेल्या प्रतिनिधीस परत बोलावणे : विनयाच्या प्रकाशात

मतदार एकदा मत देतो आणि पाच वर्षे केवळ प्रेक्षक होऊन राहतो, ही तक्रार नवी नाही. प्रतिनिधी कर्तव्यास चुकला तर त्यास मुदतीपूर्वी परत बोलावण्याचा अधिकार मतदारास असावा काय, हा प्रश्न त्यातूनच उद्भवतो. प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार विनयपिटकातील संघकम्माच्या आधारे करणार आहोत.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा सभेपुढे मांडताना उत्तरदायित्वाच्या दोन कसोट्या सांगितल्या. एक नियतकालिक, जी मतदार निवडणुकीच्या वेळी लावतात; दुसरी दैनंदिन, जी सभागृहातील सदस्य प्रश्न, ठराव आणि अविश्वास यांच्या द्वारे लावतात. दैनंदिन कसोटी ही अधिक परिणामकारक होय, असा त्यांचा अभिप्राय होता. परंतु ही कसोटी शासनास लागते. खुद्द आमदार-खासदारास परत बोलावण्याची तरतूद आपल्या संविधानात नाही.

ग्रामपातळीवर मात्र अशी वाट काही अंशी खुली झाली आहे. महाराष्ट्रात सरपंचाची थेट निवडणूक २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध अविश्वास ठराव आणावयाचा तर पंचायतीतील तीन-चतुर्थांश बहुमत लागते. आणि तेवढ्यानेही भागत नाही. विशेष ग्रामसभेने गुप्त मतदानाने त्यास मान्यता द्यावी लागते. निवडणुकीनंतर पहिली दोन वर्षे व मुदतीचे शेवटचे सहा महिने असा ठराव आणता येत नाही. म्हणजे ज्यांनी निवडले, त्यांच्याच हाती अखेरचा निर्णय राहतो. छत्तीसगडमध्ये २००८ साली तीन नगराध्यक्षांना मतदारांनी मतदानाने पायउतार केले, हेही येथे स्मरणीय आहे.

आता विनयाकडे वळू. चुल्लवग्गाच्या संघभेदक खंधकात देवदत्ताची कथा आहे. त्याच्या वर्तनामुळे संघाने राजगृहात ‘पकासनीय कम्म’ केले. देवदत्त यापुढे काया-वाचेने जे करील ते बुद्ध, धम्म वा संघ यांचे समजू नये, ते एकट्या देवदत्ताचे समजावे, अशी ती घोषणा होती. संघाच्या नावाने बोलण्याचा त्याचा आधार संघाने जाहीरपणे काढून घेतला. ही घोषणा करण्यास सारिपुत्तांची योजना झाली तेव्हा ते संकोचले. कारण पूर्वी याच नगरात त्यांनी देवदत्ताची प्रशंसा केली होती. तथागतांनी विचारले, ती प्रशंसा तेव्हा यथार्थ होती ना? तशीच ही घोषणाही आता यथार्थ आहे. आमच्या मते मतदारासाठी यात मोठा बोध आहे. काल दिलेले मत खरे होते म्हणून आज विश्वास काढून घेणे खोटे ठरत नाही.

तथापि विनय येथेच थांबत नाही. तज्जनीय कम्मासारखी दंडात्मक कारवाई केव्हा अधम्म ठरते, हेही तो सांगतो. संबंधित भिक्षूच्या गैरहजेरीत, त्यास न विचारता, त्याची कबुली न घेता, किंवा संघात फूट असताना केलेले कम्म अवैध होय. प्रथम दोष दाखवावा, त्याचे स्मरण द्यावे, मगच आरोप ठेवावा, असा क्रम आहे.

वादाचा निर्णय बहुमताने करावयाचा झाल्यास ‘येभुय्यसिका’ ही रीत आहे. मतदानासाठी शलाका वाटणारा भिक्षू संघानेच नेमावा लागे. छंद, दोस, मोह व भय या चार अगतींच्या वाटेने न जाणारा, आणि कोणी शलाका घेतली व कोणी नाही हे जाणणारा, अशी त्याची पात्रता होती. शलाका गुप्तपणे, कानात सांगून वा उघडपणे, अशा तीन प्रकारे देता येई.

भिक्षुसंघ आणि ग्रामसभा यांत भेद आहे, हे आम्ही नाकारीत नाही. संघात अधम्मवाद्यांची संख्या अधिक निघाल्यास शलाकाग्रहण बाद ठरवून पुन्हा करण्याची मुभा होती; लोकशाहीत असा अधिकार कोणा अधिकाऱ्यास देणे घातक ठरेल. परंतु त्यामागील चिंता आजही खरी आहे. बहुमत नेहमीच न्याय्य नसते.

राखीव जागेवर निवडून आलेला आमचा बांधव वा भगिनी सरपंचपदी बसते, तेव्हा गावातील बलिष्ठ वर्गास ते खुपते, हा अनुभव नवा नाही. परत बोलावण्याचे शस्त्र अशा हातात पडले तर ते उत्तरदायित्वाचे साधन न राहता जातीय सूडाचे साधन होईल. म्हणून हा अधिकार वाढवावा, पण विनयाच्या अटींसह वाढवावा : दोष स्पष्टपणे लेखी मांडला जावा, प्रतिनिधीस समक्ष उत्तर देण्याची संधी मिळावी, मतदान गुप्त असावे, आणि ते घेणारा अधिकारी चारही अगतींपासून मुक्त असावा. यांपैकी गुप्त मतदान कायद्याने दिले आहे. ते भयमुक्त ठेवणे हे ग्रामसभेस उपस्थित राहणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्षुसंघास ठराव, गणपूर्ती, शलाका व निंदाव्यंजक प्रस्ताव यांचे नियम ठाऊक होते, असे संविधान सभेस सांगितले. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील भक्तीविषयी सावध केले. भक्त परत बोलावू शकत नाही. बोलावू शकतो तो सजग नागरिक.