उजेड देणारी माती कशाच्या कामाची?

युरोपियम किंवा टर्बियमसारखी दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं मिसळलेली चिकणमाती अतिनील दिव्याखाली धरली की लाल किंवा हिरवी उजळते. हे कळलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, मग यापासून स्वस्त दिवे कधी निघणार? माझ्या मते दिव्यांच्या बाजारात या मातीला जागा जवळपास नाही, आणि त्यात हळहळण्यासारखंही काही नाही. तिचं मोल आहे ते ज्या जागी ती बसवली आहे तिथली खबर देण्यात.

माती निवडली जाते ती तिच्या थरांमुळे. महाराष्ट्रातली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यामागे माँटमोरिलोनाइट आणि त्याच्या कुळातली खनिजं आहेत. त्यांचे थर जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. तो भार फेडायला थरांच्या मध्ये सोडियम, कॅल्शियमचे आयन बसलेले असतात, पण ते तिथे घट्ट चिकटलेले नसतात. युरोपियमच्या क्षाराच्या पाण्यात ही माती ढवळली की सोडियम बाहेर येतो आणि युरोपियम आत जातो. भट्टी लागत नाही, दाबयंत्र लागत नाही. मात्र शेतातली माती उचलून हा प्रयोग साधत नाही, कारण नैसर्गिक मातीतलं लोह प्रकाश मारून टाकतं. म्हणून बरेच संशोधक लॅपोनाइट ही कृत्रिम माती वापरतात. टूथपेस्ट आणि रंग दाट करण्यासाठी ती आधीपासून वापरात आहे आणि तिच्या चकत्यांचा व्यास साधारण २५ नॅनोमीटर असतो.

युरोपियमचा लाल प्रकाश ६१५ नॅनोमीटरच्या आसपास येतो, आणि त्याभोवती कोणताही पदार्थ असला तरी हा रंग फारसा हलत नाही. प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन अणूत आतल्या बाजूला, बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या आडोशाला असतात. ते ज्या बदलांतून प्रकाश देतात त्यांना निसर्गनियमांची पूर्ण मोकळीक नसल्याने युरोपियम स्वतःहून प्रकाश शोषतोही फार थोडा. यावरचा उपाय १९४२ साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वाइसमन यांच्या प्रयोगांतून दिसला: युरोपियमला जोडलेला सेंद्रिय रेणू अतिनील किरण शोषतो आणि ती ऊर्जा त्याच्या हवाली करतो. ही ऊर्जा प्रकाश होण्याआधीच पळवतं ते पाणी. पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचं कंपन ती गिळून टाकतं. साध्या पाण्यात युरोपियमची चमक जेमतेम ०.१ मिलिसेकंद टिकते, तर जड पाण्यात सुमारे ४ मिलिसेकंद.

इथे जाणकार वाचक अडवणारच. पाणी पिऊन फुगणाऱ्या पदार्थातच युरोपियम ठेवायचा, हा कुठला शहाणपणा? शिवाय सेंद्रिय रेणू उन्हात विरतात, आणि घरातल्या पांढऱ्या एलईडीतला सेरियमयुक्त गार्नेट या सगळ्यापेक्षा कितीतरी टिकाऊ आहे. दिव्यापुरते हे आक्षेप मला पूर्ण मान्य आहेत. पण पाण्याने चमक कमी होते, आणि ती ठरावीक हिशेबाने कमी होते, हीच मोजमापाची सोय आहे. १९७९ मध्ये हॉरॉक्स आणि सुडनिक यांनी दाखवलं की चमक किती काळ टिकली यावरून आयनाला पाण्याचे किती रेणू बिलगले आहेत ते काढता येतं. फिनलंडमध्ये ओल्किलुओटो इथे ४०० मीटरहून खोल खडकात अणुइंधनाचा कचरा तांब्याच्या नळकांड्यांत पुरायची योजना आहे, आणि नळकांड्यांभोवती बेंटोनाइट माती ठासायची आहे. नळकांडं गळलं तर कचऱ्यातल्या अमेरिशियम, क्युरियम या किरणोत्सर्गी मूलद्रव्यांना ही माती धरून ठेवेल का, हा कळीचा प्रश्न. प्रयोगशाळेत त्यांच्या जागी रसायनदृष्ट्या जवळचा पण किरणोत्सर्गाची भीती नसलेला युरोपियम वापरता येतो. मातीवर लेसरचा झोत टाकून चमक मोजतात. आठ-नऊ रेणू दिसले तर आयन पाण्याचं वेष्टण घेऊन थरांमध्ये सैल बसलेला आहे. पाचच्या आसपास दिसले तर त्याने मातीच्या कडेशी पक्का बंध केला आहे. माती न फोडता इतकं नेमकं उत्तर देणारी दुसरी साधनं थोडीच आहेत.

दुसरा आक्षेप पुरवठ्याचा. दक्षिण चीनमधल्या जियांगशी प्रांतात निसर्गानेच टर्बियमसारखी मूलद्रव्यं मातीला चिकटवून ठेवली आहेत. अमोनियम सल्फेटने धुऊन ती काढतात आणि त्यात तिथल्या पाण्याची व डोंगरउतारांची नासाडी झाली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने टर्बियमच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवरल्या मोनाझाइटमध्ये सेरियम, लँथॅनम भरपूर असलं तरी टर्बियम अगदी कमी. दिव्यांसाठी टनांनी माल लागणार असता तर हा आक्षेप निर्णायक ठरला असता. मोजमापाला चिमूटभर पुरतो. म्हणून या संशोधनाला पैसा जरूर द्यावा, पण स्वस्त दिव्यांचं आमिष दाखवून मागितलेल्या पैशाला सरळ नकार द्यावा.