तोलेदो येथील संत थोमाचें मंदिर

स्पेन देशांतील तोलेदो शहरीं संत थोमाच्या नांवाचें एक जुनें ख्रिस्तमंदिर आहे. ज्या प्रेषितानें हिंदुस्थानांत सुवार्ता आणिली अशी परंपरा आहे तोच हा थोमा. म्हणून या मंदिराची हकीकत वाचकांस सांगावी असें आम्हांस वाटलें.

१०८५ मध्यें सहाव्या आल्फोन्सो राजानें हें शहर मुसलमानांपासून घेतलें. त्यानंतर एका मशिदीच्या जागीं हें मंदिर झालें असें सांगतात. चौदाव्या शतकाच्या आरंभीं तें अपुरें व जीर्ण झालें, तेव्हां ओर्गाझ गांवचे धनी गोन्सालो रुईस यांनीं स्वखर्चानें तें वाढविलें. त्याचा चौकोनी मनोरा विटांचा आहे. ख्रिस्ती राजवटींत राहिलेल्या मुसलमान कारागिरांच्या वळणाचें हें काम. त्यास तिकडे मुदेहार म्हणतात. घंटा ख्रिस्ती, पण कमानी पाहतांच मशिदीची आठवण व्हावी, असा हा मनोरा आहे.

गोन्सालो १३२३ मध्यें वारले व येथेंच पुरले गेले. त्या वेळीं संत स्तेफन व संत ऑगस्टीन यांनीं स्वर्गांतून उतरून प्रेत थडग्यांत ठेविलें, अशी आख्यायिका आहे. मृत्युपत्रांत त्यांनीं ठरविलें होतें कीं, ओर्गाझच्या लोकांनीं दरवर्षीं दोन मेंढे, सोळा कोंबड्या, दोन बुधले द्राक्षारस, दोन ओझीं जळण व ८०० मारावेदी नाणीं या मंदिराचे धर्मगुरु, सेवक व गोरगरीब यांस द्यावीं. दोन शतकांहून अधिक काळ लोटल्यावर गांवकऱ्यांनीं हात आंखडता घेतला. मेलेल्याचें वचन कोण विचारतो, असें त्यांस वाटलें असावें! पण आंद्रेस नुन्येस नांवाच्या धर्मगुरूनें १५६४ मध्यें दावा लाविला आणि १५६९ मध्यें तो जिंकला. थडग्यावरील लॅटिन लेखांत चमत्काराबरोबर या खटल्याचीहि हकीकत कोरली आहे.

पुढें १५८६ मध्यें याच धर्मगुरूनें त्या दफनविधीचें चित्र काढण्याचें काम एल ग्रेको यांस दिलें. हे मूळचे क्रीट बेटाचे, पण या मंदिराच्या मंडळींपैकींच एक. चित्र सुमारें सोळा फूट उंच व बारा फूट रुंद आहे. खालीं काळ्या पोशाखांतील नगरवासी उभे आहेत, वर स्वर्ग उघडला आहे. पुढें मशाल धरलेला मुलगा हा चित्रकाराचाच पुत्र होय. चित्रास ‘ओर्गाझच्या काउंटाचें दफन’ म्हणतात खरें, पण काउंट ही पदवी त्या घराण्यास १५२० मध्यें मिळाली. गोन्सालोंस ती कधींच नव्हती.

चित्र पुरें झाल्यावर पारख्यांनीं १२०० दुकात किंमत ठरविली. कोंबड्यांसाठीं न्यायालय गांठणाऱ्या धर्मगुरूस ती भारी वाटली. दुसरे पारखी बोलाविले, तर त्यांनीं १६०० सांगितली! अखेर १२०० वरच निकाल लागला. चित्र आजहि त्याच मंदिरांत, थडग्याच्या वरच्या बाजूस आहे.