बोटाच्या जागी मोटर

संपादकांनी मला सुरतला पाठवलं ते मागांवर लिहायला. लिंबायत, उधना, पांडेसरा भागात खानदेशी मराठी सहज कानावर पडते. तापी खानदेशातूनच इथवर येते, आणि सुरत-भुसावळ रेल्वेनं खानदेशातली कितीतरी कुटुंबं तिच्यामागोमाग इथं आली. माग पाहून झाले, टिपणं झाली. परतताना उधन्यात रस्त्याकडेच्या एका गाळ्यात शिरपूरकडचे एक वायरमन काका वीसेक वर्षांच्या गाडीचं दार सोलून बसलेले दिसले. माझी सगळी दुपार तिथंच गेली.

गाडीला सेंट्रल लॉक कंपनीचं होतं, रिमोट नव्हता. मालकाला तो हवा होता. ही सोय मूळची फ्रान्सची. १९८२ साली रेनोच्या फ्युएगो गाडीत पॉल लिपशुट्झ यांचा रिमोट आला. त्यांच्या नावावरून तिकडे त्याला ‘प्लिप’ म्हणतात. आपल्याकडे नाशिकच्या ऑटोकॉप कंपनीनं ही सोय घरोघरी नेली. जुन्या गाडीत मात्र हा इतिहास उपयोगी पडत नाही. तिथं प्रश्न एकच असतो, कोणत्या तारेला हात लावायचा.

दाराचं पॅनल निघालं आणि अडचण दिसली. बाकीच्या तीन दारांत मोटर होती, चालकाच्या दारात नव्हती. तिथं फक्त एक स्विच. चालकानं कडी खाली दाबली की स्विच सरकतो, सेंट्रल लॉकच्या पेटीला इशारा जातो आणि उरलेली तीन दारं लागतात. म्हणजे रिमोट नुसता त्या पेटीला जोडला, तर तीन दारं बंद आणि चालकाचंच उघडं!

काकांनी पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. चालकाच्या दारात त्यांनी एक नवी मोटर बसवली आणि तिची सळई कडीच्या मूळ सळईला क्लॅम्पनं आवळली. आता रिमोट दाबला की मोटर कडी ओढते, कडी स्विच सरकवते, आणि पुढचं काम गाडी स्वतःच करते. गाडीला वाटतं, मालकाचंच बोट आहे. कंपनीची एकही तार कापावी लागली नाही. मला हे फार सुंदर वाटलं. ज्याला गाडी समजली आहे, त्याला ती फारशी कापावी लागत नाही.

मोटरच्या दोन्ही तारा रिमोटच्या युनिटमधल्या दोन रिलेंना जातात. एरवी दोन्ही तारा अर्थला. ‘लॉक’ दाबलं की एकीत क्षणभर बारा व्होल्ट येतात, ‘अनलॉक’ला दुसरीत, मोटर तेवढ्यावर उलटसुलट फिरते. खरा वेळ गेला तो सळईत. नवी सळई जुनीच्या रेषेत नसली तर कडी अडते आणि मोटर कण्हत राहते. काकांनी क्लॅम्प चारदा सोडला, चारदा आवळला. “आधी तार वळखा, मंग कापा,” असं हाताखालच्या पोराला सांगत ते मीटर लावत होते.

काळजी पुढं सुरू होते. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत तारा हजारो वेळा वाकतात आणि आतल्या आत तुटतात. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेलं पाणी सुरतेत शिरलं आणि कितीतरी गाड्या बुडाल्या. पाण्यात राहिलेल्या गाडीच्या तारांवर तांब्याचा हिरवा कळंक चढतो. अशा तारेवर पीळ देऊन टेप गुंडाळणं म्हणजे आगीला जागा करून देणं. तिथं सोल्डर किंवा क्रिंपच हवा.

बॅटरीचाही हिशेब आहे. युनिट रात्रंदिवस जागं असतं. चांगलं युनिट दहा मिलिअँपिअर खात असेल, तर दिवसाला पाव अँपिअर-तासही जात नाही. तेच पन्नास खाणारं असेल, तर महिनाभर उभ्या गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत काहीच उरत नाही. आणि स्वस्त रिमोटचा कोड कधी बदलत नाही. तो एकदा हवेतून पकडला की चोर तोच पुन्हा पाठवून दार उघडू शकतो. दर वेळी बदलणारा कोड बराच बरा. पण २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी कीलॉक ही बदलत्या कोडची पद्धतही फोडून दाखवली, तेव्हा त्यावरही डोळे मिटून विसंबता येत नाही.

म्हणून रिमोट बसवायला गेलात, तर तीन गोष्टी विचारा. मुख्य तारेवर बॅटरीजवळ फ्यूज आहे का? जोड कसा केला? कोड बदलता आहे का? आणि गाडी घरी आणल्यावर खरी चावी अडगळीत टाकू नका, महिन्यातून एकदा तरी ती कुलपात फिरवा. बॅटरी बसली की दार उघडायला तीच लागते, आणि न फिरलेलं कुलूप गंजतं.