सत्ताविसाव्या जागेवरची चूक

नवीन पनवेलहून लोकलने निघालं की खांदेश्वर, मानसरोवर आणि मग खारघर. तिथे टाटा मेमोरियलचं ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोग केंद्र आहे. मेंदूत गाठ असलेली मुलं तिथे उपचाराला येतात आणि त्याच आवारातल्या प्रयोगशाळेत हिस्टोन या प्रथिनांचा अभ्यास चालतो. या दोहोंचं नातं २०१२मध्ये उघड झालं.

प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए असतो, हिस्टोनच्या रिळांवर गुंडाळलेला. एका रिळात आठ हिस्टोन. त्यांच्या शेपट्यांवर पेशी मिथाइल गट चिकटवते: एक कार्बन, तीन हायड्रोजन. एवढीशी खूण, पण ती कुठे बसली यावर जनुक बोलणार की गप्प राहणार, हे ठरतं. ‘एच ३’ हिस्टोनच्या चौथ्या जागेवरची खूण सहसा चालू जनुकाची. सत्ताविसाव्या जागी तीन मिथाइल बसले, तर जनुक बंद. गर्भातल्या मूळपेशीने वाढतच राहायचं की चेतापेशी व्हायचं, यातही या खुणांचा मोठा हात असतो. खूण लावणारं एक एन्झाइम बिघडलं की काबुकी सिंड्रोम होतो आणि मुलाची बौद्धिक वाढ मागे पडते. जपानी डॉक्टरांनी १९८१मध्ये त्याचं वर्णन केलं. दोषी जनुक सापडायला २०१० उजाडलं.

मेंदूच्या देठातली ‘डीआयपीजी’ ही गाठ त्याहून क्रूर. बहुतेक मुलं पाच ते दहा वर्षांची. शस्त्रक्रियेने ती काढता येत नाही, रेडिएशनने काही महिने मिळतात. नील आर्मस्ट्राँगची चिमुरडी १९६२मध्ये अशाच गाठीने गेली. पन्नास वर्षांनी कळलं, की अशा बहुतेक गाठींत ‘एच ३’च्या सत्ताविसाव्या जागचं लायसिन हे अमिनो आम्ल जाऊन मेथिओनिन आलेलं असतं. ‘एच ३’ बनवणारी जनुकं अनेक, त्यातलं एकच बिघडलेलं. तरी ते सदोष प्रथिन खूण लावणाऱ्या एन्झाइमलाच जखडतं आणि पेशीभरातून बंदीच्या खुणा ओसरतात. इतक्या थोड्यांनी इतका घात करावा, हे मला अजूनही चक्रावून टाकतं.

ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने या बदलावरच्या ‘डॉर्डाव्हिप्रोन’ या औषधाला मान्यता दिली. ते रामबाण नव्हे. पण तोवर एवढंही नव्हतं.

गाठीतला हा बदल मुलाच्या स्वतःच्या पेशीत घडतो, तो वारशाने येत नाही. काबुकीतही जनुकातला बिघाड बहुधा नव्यानेच उद्भवतो. तेव्हा ‘ग्रहणात सुरी धरली होतीस का,’ हा सुनेला विचारला जाणारा प्रश्न कायमचा बंद करा. आणि मूल अचानक तिरळं पाहू लागलं, चालताना तोल जाऊ लागला, तर नुसत्या चष्म्यावर थांबू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना मेंदूच्या एमआरआयबद्दल विचारा.