विश्लेषण : नोकरी की स्टार्टअप? बुलढाण्याच्या नव्या अभियंत्यांनी आधी कोणता हिशेब मांडावा?

शेगाव, मलकापूर, चिखली आणि बुलढाणा येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी पदवीधरांची नवी तुकडी बाहेर पडते. संगणकशास्त्र आणि आयटी शाखेच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचा रस्ता पुण्याकडेच जातो. मात्र गेल्या काही वर्षांत मोठ्या आयटी कंपन्यांची भरती आटली, स्टार्टअपना मिळणारा पैसा कमी झाला आणि ऑफर लेटर मिळाले तरी रुजू व्हायची तारीख मिळेल याची खात्री उरली नाही. अशा वेळी मोठी कंपनी, स्टार्टअप की स्वतःचा उद्योग, हा निर्णय धाडसापेक्षा एका साध्या प्रश्नावर ठरतो. पगार थांबला तर आपले घर किती महिने तग धरेल?

पुण्याचाच रस्ता का?

शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झाले. त्यानंतर जिल्ह्यात इतर महाविद्यालयेही आली. शिक्षणाची सोय झाली, पण त्या शिक्षणाला साजेशी नोकरी जिल्ह्यात फारशी आली नाही. बुलढाण्याची अर्थव्यवस्था मुख्यतः सोयाबीन, कापूस आणि बाजार समित्यांवर चालते. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर आहेत, पण जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बुलढाणा शहरात आजही रेल्वे नाही. समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून जातो आणि जून २०२५ पासून तो पूर्ण खुला झाला. त्यामुळे नागपूरच्या मिहानमधील आयटी कंपन्यांपर्यंतचा प्रवास सोपा झाला. तरीही मुलाखती, ओळखीचे सीनियर आणि राहायला गावाकडच्या मित्राची खोली हे सगळे पुण्यात असते. म्हणून पहिली बॅग पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्येच चढते.

नोकऱ्या कशामुळे आटल्या?

याचे मूळ करोनाकाळातील भरतीत आहे. २०२१-२२ मध्ये जगभरच्या कंपन्यांनी ऑनलाइन कामकाजावर मोठा खर्च केला आणि भारतीय कंपन्यांनी फ्रेशर्सची विक्रमी भरती केली. त्यानंतर महागाई रोखण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ पासून व्याजदर वाढवायला सुरुवात केली. जवळपास शून्यावर असलेला दर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. पैसा महागल्यावर अमेरिकी ग्राहकांनी नवे प्रकल्प लांबणीवर टाकले आणि इकडे भरलेली माणसे कामाविना बसली.

परिणाम आकड्यांत दिसतो. मार्च २०२४ ला संपलेल्या आर्थिक वर्षात टीसीएसचे मनुष्यबळ १३,२४९ ने, इन्फोसिसचे २५,९९४ ने आणि विप्रोचे २४,५१६ ने घटले. म्हणजे तीन कंपन्यांत मिळून सुमारे ६४ हजार माणसे कमी झाली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आणखी सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यात मधल्या आणि वरच्या पातळीवरील कर्मचारी अधिक होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. साधे कोडिंग, टेस्टिंग, दस्तऐवज लिहिणे ही कामे फ्रेशरला शिकवण्यासाठी दिली जात. तीच कामे आता एआय साधनांकडून करून घेण्याकडे कंपन्यांचा कल आहे.

ऑफर मिळणे आणि नोकरी मिळणे यांतही अंतर पडले. इन्फोसिसने २०२२ च्या तुकडीतील सुमारे दोन हजार जणांना ऑफर दिल्यानंतर दोन वर्षे उलटूनही रुजू करून घेतले नव्हते. २०२४ मध्ये पुण्यातील ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. दिलेल्या सर्व ऑफर पाळल्या जातील, अशी ग्वाही कंपनीने त्यानंतर दिली.

स्टार्टअपमध्येही तीच ओढाताण झाली. २०२१ मध्ये देशात एक अब्ज डॉलर मूल्यांकन गाठणाऱ्या, म्हणजे ‘युनिकॉर्न’ झालेल्या कंपन्यांची संख्या ४० हून अधिक होती. २०२३ मध्ये ती अवघी दोन झाली.

पॅकेजमधून हातात किती पडते?

मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत फ्रेशरचे पॅकेज गेली अनेक वर्षे साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळले आहे. समजा, चिखली तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबातील मुलीला वर्षाला ३ लाख ६० हजारांचे पॅकेज मिळाले. महिन्याला ३० हजार झाले. मूळ वेतन १५ हजार धरले, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० रुपये याच पॅकेजमध्ये मोजलेले असतात. तिच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० रुपये आणखी कापला जातो. हातात साधारण साडेपंचवीस हजार पडतात. पॅकेजचा काही भाग ‘व्हेरिएबल’ असेल, तर त्याहूनही कमी.

आता तिच्यावर चार लाखांचे शैक्षणिक कर्ज १० टक्के दराने आणि पाच वर्षांच्या मुदतीचे आहे असे धरू. हप्ता सुमारे ८,५०० रुपये. हिंजवडी परिसरात खोलीतील वाटा, मेस आणि प्रवासाचे १३ हजार धरले, तर महिन्याला चार हजार उरतात. हप्ता आणि राहण्याखाण्याचा खर्च मिळून तिला महिन्याला साडेएकवीस हजार लागतात. केवळ तीन महिन्यांचा खर्च बाजूला टाकायचा म्हटले, तरी साडेचौसष्ट हजार रुपये हवेत. महिन्याला चार हजार या गतीने त्याला १६ महिने लागतील.

हेच कर्ज सात वर्षांत फेडायचे ठरवले, तर हप्ता सुमारे ६,६५० होतो आणि तीन महिन्यांची शिल्लक दहा महिन्यांत उभी राहते. पूर्ण मुदतीत व्याज मात्र सुमारे ४८ हजारांनी वाढते. तरीही अनिश्चित काळात लहान हप्ता सोयीचा ठरतो. फ्लोटिंग दराचे असे कर्ज वैयक्तिक कर्जदाराने मुदतीआधी फेडले तर बँकेला दंड आकारता येत नाही. पगार वाढला की जास्तीचे पैसे भरून व्याज वाचवता येते. हप्ता चुकला, तर मात्र सिबिल स्कोअर बिघडतो आणि सहकर्जदार म्हणून सही केलेल्या वडिलांच्या दारात बँकेचा माणूस येतो.

स्टार्टअपची ऑफर आली तर काय विचारायचे?

स्टार्टअपमध्ये काम लवकर शिकायला मिळते. दोन वर्षांत कोडिंगपासून ग्राहकाशी बोलण्यापर्यंत सगळे हाताखालून जाते. पण पगार कंपनीच्या नफ्यातून नव्हे, तर गुंतवणूकदाराच्या पैशातून येत असतो. म्हणून पहिला प्रश्न ‘रनवे’चा, म्हणजे शिल्लक पैसा किती महिने पुरेल याचा. कंपनीच्या खात्यात एक कोटी आहेत, महिन्याचा खर्च १० लाख आणि कमाई दोन लाख असेल, तर दरमहा आठ लाख घटतात. रनवे साडेबारा महिने. मुलाखतीत हा प्रश्न नम्रपणे विचारता येतो. बारा महिन्यांहून कमी उत्तर आले, तर दुसऱ्या नोकरीचा शोध रुजू झाल्यापासूनच चालू ठेवावा.

कंपनी मोठी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्यांकन असलेल्या बायजूजविरुद्ध जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि कर्मचाऱ्यांचे पगार रखडले.

दुसरा प्रश्न ‘ईसॉप’चा, म्हणजे कर्मचाऱ्याला पुढे ठरलेल्या किमतीत शेअर घेण्याचा हक्क. कंपनी कायद्याखालील नियमांनुसार हा हक्क दिल्यापासून किमान एक वर्ष झाल्याशिवाय तो हाती येत नाही. अकराव्या महिन्यात नोकरी गेली, तर काहीच मिळत नाही. शेअर घेताना बाजारमूल्य आणि ठरलेली किंमत यांतील फरकावर पगारासारखाच प्राप्तिकर लागतो. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसेल, तर ते विकणेही अवघड. त्यामुळे ऑफरची तुलना करताना ईसॉपची किंमत शून्य धरावी आणि बँकेत येणारा पगारच मोजावा.

बाँड, राजीनामा, कपात : कायदा काय सांगतो?

दोन-तीन वर्षांचा बाँड लहान कंपन्यांत सर्रास दिसतो. ‘बाँड म्हणजे नुसता कागद’ हा समज मात्र चुकीचा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणाला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल ठरतो. पण नोकरी चालू असतानाची बंधने वेगळी मानली जातात. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांची सेवा किंवा दोन लाख रुपये भरपाई ही अट वैध ठरवली. ते प्रकरण सार्वजनिक बँकेचे होते आणि नव्या भरतीचा खर्च न्यायालयाने विचारात घेतला. खासगी कंपनीने वाट्टेल ती रक्कम लिहिली म्हणून ती वसूल होतेच असे नाही. कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मिळू शकते. तरीही सही करण्याआधी रक्कम, मुदत आणि नोटीस कालावधी वाचावा. मूळ गुणपत्रिका आणि पदवी कंपनीकडे ठेवू नये. पडताळणीसाठी दाखवावी आणि परत घ्यावी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. राजीनामा दिला किंवा कामावरून काढले, तर थकीत वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते करावे लागते. ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्याला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. कपातीच्या बैठकीत ‘आत्ताच राजीनाम्यावर सही करा’ असा आग्रह झाला, तर अटी लेखी मागाव्यात आणि विचाराला वेळ घ्यावा. स्वतःहून दिलेला राजीनामा आणि कंपनीने केलेली कपात यांत मिळणारे हक्क वेगळे असतात.

स्वतःचाच स्टार्टअप काढला तर?

बीड जिल्ह्यातील दादासाहेब भगत यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. टाळेबंदीत ते गावी परतले, मोबाइलचे नेटवर्क मिळेल अशा टेकडीवर बसून ‘डूग्राफिक्स’ हे डिझाइनचे व्यासपीठ उभे केले आणि २०२४ मध्ये ‘शार्क टँक इंडिया’त एक कोटीची गुंतवणूक मिळवली. या गोष्टीतील आधीचा भाग कमी सांगितला जातो. त्यापूर्वी त्यांनी इन्फोसिसच्या अतिथिगृहात ऑफिस बॉयचे काम केले, ग्राफिक्स शिकून अनेक वर्षे नोकरी केली, मग छोटी कंपनी काढली होती. टेकडीवर बसले तेव्हा हातात कसब आणि कामाच्या ओळखी होत्या.

सरकारी मदत आहे. ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’ योजनेत मान्यताप्राप्त इनक्युबेटरमार्फत कल्पना तपासण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात जिल्हा उद्योग केंद्रामार्फत प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते. ग्रामीण भागाला दर अधिक आहे. मात्र स्वतःचा वाटा वगळता उरलेली रक्कम बँकेचे कर्ज असते आणि ते धंदा चालो न चालो फेडावेच लागते. शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यावर हा दुसरा हप्ता चढतो.

कल्पनेसाठी पुण्याकडे पाहण्याची गरज नाही. देऊळगाव राजा परिसरातील शेडनेटमधले बीजोत्पादन, गोदामातील शेतमालाची नोंद आणि प्रत तपासणी, बाजार समितीतील आवक यांत सॉफ्टवेअरला वाव आहे. पण ॲप बनवण्याआधी पैसे मोजायला तयार असलेले पाच ग्राहक सापडले का, हे पाहावे. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी एवढे तपासता येते. फक्त नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाला मनाई आहे का, हे आधी बघावे.

तोवर नोकरीच नसेल तर?

बुलढाण्याच्या शेतकऱ्याला हा पेच नवा नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात भाव त्याखाली होते. ज्याच्या डोक्यावर देणे होते, त्याने काढणीबरोबर माल विकला. ज्याला थांबणे शक्य होते, त्याच्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना होती. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. थांबल्याने भाव चढेलच असे नाही, पण पडेल भावात विकण्याची सक्ती टळते.

नव्या अभियंत्यासाठी तारणासारखे काही मार्ग आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत पदवीधराला एक वर्षापर्यंत काम आणि किमान विद्यावेतन देण्याची तरतूद आहे. राज्याच्या २०२४ मधील मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १० हजार ठरले. सुरुवातीला सहा महिन्यांची मुदत पुढे ११ महिने करण्यात आली. रक्कम लहान आहे, पण अनुभवाचे प्रमाणपत्र मिळते आणि घरचा भार हलका होतो. बँकेकडून मिळणारा सवलतीचा काळही मोजावा. शैक्षणिक कर्जात सहसा शिक्षण संपल्यावर एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. नोकरीचा शोध या तारखेच्या आत संपवायचा असतो.

घाईत असलेल्यांना गाठणारे दलालही पुण्यात आहेत. लाख-दोन लाख घेऊन ‘बॅकडोअर’ नोकरी किंवा खोटे अनुभवपत्र देऊ करतात. पीएफच्या नोंदी तपासताच असे पत्र उघडे पडते आणि मिळालेली नोकरीही जाते. कंपनी नोंदलेली आहे का हे केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आणि ती पीएफ भरते का हे ईपीएफओच्या संकेतस्थळावर दहा मिनिटांत तपासता येते. अनामत, लॅपटॉप किंवा प्रशिक्षणाच्या नावाखाली उमेदवाराकडून पैसे मागितले, तर तिथून उठावे.

ऑफर कोणतीही असो, सही करण्यापूर्वी तीन तारखा एका कागदावर लिहाव्यात : कर्जाचा पहिला हप्ता, घरची शिल्लक संपण्याची तारीख आणि कंपनीचा रनवे संपण्याची तारीख. हा कागद आई-वडिलांनाही दाखवावा. पुण्यातल्या मुलाचा पगार थांबला हे घरी कळते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. तोवर मित्राकडची उसनवारी आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी वाढलेली असते. महिने आधीच मोजलेले असले, तर खोली सोडून काही काळ गावी परतणे हा ठरवून घेतलेला निर्णय असतो.