रॉझवेलची फाईल : उडत्या तबकड्या आणि सरकारी गुप्तता

उडत्या तबकड्यांविषयी सरकारने काहीतरी दडवून ठेवले आहे, हा समज अमेरिकेत पाऊणशे वर्षे टिकून आहे. त्याला निव्वळ भोळेपणा म्हणून बाजूला सारणे योग्य ठरणार नाही, कारण सरकारने बऱ्याच गोष्टी दडवल्या हे त्याच सरकारच्या कागदपत्रांनी सिद्ध केले आहे. खरा वाद आहे तो नेमके काय दडवले याविषयीचा. शीतयुद्धाच्या काळातील ज्या फायली १९९० नंतर खुल्या झाल्या, त्या वाचल्यावर असे दिसते की परग्रहावरील यानांच्या नावाने गाजलेल्या काही प्रमुख प्रकरणांच्या मुळाशी अमेरिकेचीच हेरगिरीची साधने होती, आणि ती झाकण्यासाठी जी खोटी स्पष्टीकरणे देण्यात आली त्यांनी पुढच्या काळात सरकारच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास घालवला.

या इतिहासाची सुरुवात १९४७ च्या उन्हाळ्यात होते. २४ जून रोजी केनेथ अरनॉल्ड या खासगी वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियरजवळ नऊ वेगवान वस्तू पाहिल्याचे सांगितले आणि वृत्तपत्रांनी त्यांना ‘उडत्या बशा’ म्हणायला सुरुवात केली. त्यानंतर पंधरवड्यातच, ८ जुलै रोजी, न्यू मेक्सिकोतील रॉझवेल येथील लष्करी विमानतळाने आपल्या हाती एक उडती तबकडी आल्याचे अधिकृत निवेदन प्रसिद्ध केले. काही तासांतच टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथून जनरल रॉजर रेमी यांनी ते मागे घेतले आणि सापडलेले अवशेष हवामान मोजणाऱ्या फुग्याचे असल्याचे जाहीर केले. रॉझवेल हा त्या काळी अणुबॉम्ब वाहून नेणाऱ्या ५०९ व्या बाँब ग्रुपचा तळ होता, ही गोष्ट पुढे संशयाला खतपाणी घालणारी ठरली.

फुग्याचे स्पष्टीकरण पूर्ण खोटे नव्हते. त्यातून मुख्य भाग वगळलेला होता. त्या वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठाचे संशोधक आलामोगोर्डो येथून फुग्यांच्या लांबच लांब माळा आकाशात सोडत होते आणि त्या कामाला लष्करात ‘प्रोजेक्ट मोगल’ हे सांकेतिक नाव होते. भूभौतिकशास्त्रज्ञ मॉरिस यूइंग यांच्या एका कल्पनेवर ते आधारलेले होते. हवेतील ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून असतो आणि थंड हवेत तो कमी होतो. वातावरणात बऱ्याच उंचीवर असा एक थंड थर असतो की त्यातून वर किंवा खाली निसटू पाहणाऱ्या ध्वनिलहरी वाकून पुन्हा त्याच थरात परततात, त्यामुळे पन्हळीतून पाणी वाहावे तसा आवाज फारसा न विखुरता हजारो किलोमीटर जाऊ शकतो. त्या थरात संवेदनशील ध्वनिग्राहक तरंगत ठेवले तर सोव्हिएत संघाने केलेल्या अणुस्फोटाची चाहूल अमेरिकेत बसून लागेल, असा हा हिशेब होता. हे काम इतके गुप्त होते की माळांवर प्रत्यक्ष राबणाऱ्या चार्ल्स मूर यांना ‘मोगल’ हे नाव कितीतरी दशकांनी कळले. ‘ज्याला गरज त्यालाच माहिती’ या लष्करी नियमानुसार संशोधकांना उपकरण कसे असावे एवढे सांगितले जाई. ते कशासाठी, हे सांगितले जात नसे. माळेत रडारला दिसावेत म्हणून हलक्या लाकडी काड्या आणि चंदेरी कागद यांचे परावर्तक बांधलेले असत, आणि ते चिकटवण्यासाठी एका खेळणी बनवणाऱ्या कारखान्याची फुलांची नक्षी असलेली पट्टी वापरली गेली होती, असे मूर यांनी पुढे सांगितले. परग्रहावरील लिपी म्हणून ज्या चिन्हांची अनेक वर्षे चर्चा झाली, त्यांचा उगम या नक्षीत असण्याचा संभव बराच आहे.

प्रकल्पाचा हेतू लपवणे त्या काळात समर्थनीय होते, हे मान्य करायला हवे. सोव्हिएत संघाचा पहिला अणुस्फोट ऑगस्ट १९४९ मध्ये झाला आणि तो ओळखला गेला विमानांनी गोळा केलेल्या किरणोत्सारी धुळीवरून. मोगलची गरज लवकरच संपली. तरीही गुप्ततेचा शिक्का तसाच राहिला, आणि समर्थन संपते ते येथे. १९७८ पासून रॉझवेलचे निवृत्त अधिकारी मुलाखती देऊ लागले, १९८० मध्ये या घटनेवर पुस्तक निघाले, पण लष्कराजवळ सांगण्यासारखे खरे उत्तर असूनही ते कोणी शोधून काढले नाही. न्यू मेक्सिकोचे लोकप्रतिनिधी स्टीव्हन शिफ यांनी पाठपुरावा केल्यावर १९९४ मध्ये हवाई दलाने मोगलची हकीकत मांडली, तोवर तिला सत्य मानायला अनेकांचे मन तयार नव्हते. १९९५ मध्ये संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने रॉझवेल तळावरून त्या काळात बाहेर गेलेले संदेश नष्ट झाल्याचे नोंदवले आणि ते कोणी, कोणत्या अधिकाराने नष्ट केले याची नोंद सापडत नसल्याचे सांगितले. १९९७ चा हवाई दलाचा दुसरा अहवाल तर उपहासाचाच विषय झाला, कारण लोकांना आठवणारे ‘मृतदेह’ म्हणजे पॅराशूटच्या चाचण्यांतील बाहुले होत, असे त्यात म्हटले होते आणि त्या चाचण्या १९५० च्या दशकातील होत्या.

दुसरा अध्याय यू-२ या टेहळणी विमानाचा आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये नेवाडातील ग्रूम लेक येथे, म्हणजे पुढे ‘एरिया ५१’ म्हणून प्रसिद्धी पावलेल्या तळावर, त्याची उड्डाणे सुरू झाली. प्रवासी विमाने तेव्हा साधारण १० ते २० हजार फुटांवरून जात, तर हे विमान ६० हजार फुटांहून वर उडे. सूर्यास्तानंतर खालचे आकाश अंधारले तरी इतक्या उंचीवरच्या चंदेरी पंखांवर ऊन पडलेले असे आणि वैमानिकांना वर एक तेजस्वी गोळा दिसे. अशा दर्शनांची चौकशी करणारी हवाई दलाची मोहीम म्हणजे ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’. तिचे अधिकारी सीआयएकडून उड्डाणांच्या वेळा ताडून पाहत आणि उत्तर कळले तरी पत्र लिहिणाऱ्या नागरिकाला हिमकणांची किंवा तापमानाच्या उलट्या थरांची कारणे सांगत. सीआयएचे इतिहासकार जेराल्ड हेन्स यांनी १९९७ मध्ये लिहिले की १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९६० च्या दशकापर्यंतच्या निम्म्याहून अधिक दर्शनांचे कारण टेहळणी उड्डाणे हेच होते. हे प्रमाण अतिशयोक्त असल्याचे काही अभ्यासक म्हणतात, आणि त्यांच्या शंकेत तथ्य दिसते. परंतु नागरिकांची जाणीवपूर्वक दिशाभूल झाली, ही हेन्स यांची कबुली त्यामुळे कमी महत्त्वाची ठरत नाही. ब्लू बुक १९६९ मध्ये बंद झाले तेव्हा त्यात १२,६१८ नोंदी होत्या आणि त्यांपैकी ७०१ अनिर्णित राहिल्या होत्या.

हे धोरण केवळ संकोचातून आलेले नव्हते, त्यामागे विचार होता. जुलै १९५२ मध्ये खुद्द राजधानीवर रडारला अनोळखी ठिपके दिसल्यानंतर सीआयएने भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली जानेवारी १९५३ मध्ये शास्त्रज्ञांची समिती बसवली. तबकड्यांपासून थेट धोका नाही, पण वार्तांच्या पुरात खऱ्या हल्ल्याची सूचना बुडून जाईल, हा समितीला सतावणारा प्रश्न होता. म्हणून या विषयाभोवतीचे गूढ प्रसारमाध्यमांच्या साहाय्याने उतरवावे आणि हौशी संघटनांवर लक्ष ठेवावे, अशी शिफारस तिने केली. स्वतःच्या नागरिकांवर पाळत ठेवण्याची ही शिफारस पुढे उघड झाली, तेव्हा संशय घेणाऱ्यांना आणखी कोणता पुरावा हवा होता?

विशेष म्हणजे या गुप्ततेच्या भिंतीपुढे राष्ट्राध्यक्षही असहाय दिसतात. मिशिगनमधील दर्शनांना ‘दलदलीतील वायू’ म्हटले गेल्यावर १९६६ मध्ये संसदीय चौकशीची मागणी करणारे जेराल्ड फोर्ड पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, पण त्यांच्या कारकिर्दीत काही उघड झाले नाही. जिमी कार्टर यांनी १९६९ मध्ये जॉर्जियात पाहिलेल्या तेजाची लेखी नोंद १९७३ मध्ये केली होती (तो बहुधा शुक्र असावा), आणि १९७६ च्या प्रचारात सर्व माहिती खुली करण्याचे आश्वासन दिले होते. निवडून आल्यावर त्यांच्या कार्यालयाने नासाला नवी चौकशी करण्यास सुचवले आणि नासाने १९७७ च्या अखेरीस नकार दिला. बिल क्लिंटन यांनी १९९५ मध्ये बेलफास्ट येथील भाषणात, हवाई दलाला परग्रहवासीयांचे मृतदेह सापडले असतील तर ते आपल्यालाही सांगितलेले नाहीत, असे म्हटले. श्रोते हसले, तरी त्या वाक्यातून राज्यव्यवस्थेतील एक गंभीर दोष उघड होतो : गुप्त माहितीच्या कप्प्यांवर निवडून आलेल्या प्रमुखाची किती सत्ता चालते, हे सामान्य नागरिकाला तपासता येत नाही.

अन्य लोकशाह्यांनी तुलनेने सोपा मार्ग निवडला. ब्रिटनमध्ये विन्स्टन चर्चिल यांनी जुलै १९५२ मध्येच तबकड्यांविषयी विचारणा केली होती. तिथल्या संरक्षण मंत्रालयाच्या फायली २००८ ते २०१३ या काळात टप्प्याटप्प्याने अभिलेखागारात खुल्या झाल्या. फ्रान्सने १९७७ पासून हे काम लष्कराऐवजी आपल्या अंतराळ संस्थेकडे सोपवले आणि २००७ पासून नोंदी जाहीर केल्या. त्यामुळे काही आकाश कोसळले नाही.

अमेरिकेत मात्र डिसेंबर २०१७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पेंटॅगॉनच्या २.२ कोटी डॉलर खर्चाच्या एका चौकशी कार्यक्रमाची बातमी दिली तेव्हा जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. जून २०२१ च्या सरकारी अहवालात १४४ नोंदींपैकी एकाचाच उलगडा झाला होता, आणि ती वस्तू हवा गेलेला फुगा होती. जुलै २०२३ मध्ये माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड ग्रश यांनी कोसळलेली याने सरकारच्या ताब्यात असल्याचे शपथेवर सांगितले, मात्र ते त्यांनी इतरांकडून ऐकले होते. पेंटॅगॉनच्या चौकशी कार्यालयाने मार्च २०२४ मध्ये असा पुरावा नसल्याचे आणि खऱ्या गुप्त प्रकल्पांनाच लोक परग्रहाशी जोडत असल्याचे म्हटले. उपलब्ध पुरावा पाहता हा निष्कर्ष बरोबर वाटतो. पण मोगल आणि यू-२ यांच्यानंतर तो केवळ शब्दावर स्वीकारण्याची अपेक्षा सरकारला करता येणार नाही. अनेक चित्रफिती आजही रोखल्या जातात, कारण त्यांतून टिपलेल्या वस्तूपेक्षा टिपणाऱ्या कॅमेऱ्याची क्षमता शत्रूला कळेल, असे कारण दिले जाते. हे कारण खरे असू शकते, आणि तसेच ते १९४७ मध्येही होते.

सिनेटमधील चक शूमर आणि माइक राउंड्स यांनी २०२३ मध्ये केनेडी हत्येच्या कागदपत्रांसाठी झालेल्या कायद्याच्या धर्तीवर एक विधेयक मांडले होते, ज्यात कोणते कागद खुले करायचे हे ठरवण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमण्याची तरतूद होती. डिसेंबर २०२३ मध्ये संमत झालेल्या संरक्षण कायद्यात राष्ट्रीय अभिलेखागारात या विषयावरील कागदपत्रांचा संग्रह करण्याचे कलम आले, पण ते मंडळ वगळण्यात आले, आणि त्यामुळे कोणता कागद अजून झाकून ठेवायचा याच्या निर्णयात तो कागद ज्यांच्याजवळ आहे त्यांचाच वरचष्मा राहिला.