मस्कऱ्या आला कुठून?

प्रत्येक कट्ट्यावर एखादा मस्कऱ्या असतोच. हा शब्द ‘मस्करी’वरून आला आणि मस्करी आली अरबीतून, फारसीमार्गे. अरबीत ‘मसखरा’ म्हणजे हसण्याचा विषय, ज्याची टर उडवली जाते तो. पुढे अर्थच उलटला: ज्याचे हसे व्हायचे तोच हसवणारा झाला. (बढतीच म्हणायची!) हिंदीत तो ‘मसखरा’च राहिला, मराठीने ‘ख’चा ‘क’ केला. बोलीत ‘मश्करी’ही ऐकू येते. युरोपातला ‘मास्क’, म्हणजे मुखवटा, याच शब्दातून निघाला असे काही अभ्यासक मानतात, एकमत नाही. संस्कृतातही ‘मस्करी’ आहे, पण तो हाती वेळूचा दंड घेऊन फिरणारा परिव्राजक. पाणिनीच्या अष्टाध्यायीत तो भेटतो. त्याचा आपल्या मस्करीशी काडीचाही संबंध नाही.